शेरा

मत्राहच्या सूकात, शंबे बलोचच्या दुकानी
बंदुका भिंतीवर, खंजीर काचेत,
कागद खाली, लोबानच्या पोत्याला टेकून.
बंदुका पर्यटक नेतात.
मी नेतो त्यांची प्रगतिपुस्तकं.

आजचं : सन १८७४, सरकारी छापखाना, मुंबई.
पुठ्ठ्यावर कसरीची नक्षी.
चार रियाल सांगितले, साडेतीनला सुटलं.

रात्री रुवीच्या खोलीत, एसीच्या घरघरीत वाचतो :
तीनशे यार्ड. इंची सागवानी फळ्या, एकामागे एक.
नऊ भेदल्या, दहावीत गोळी रुतली.
नळीत ओली वाळू घालून पुन्हा.
चाप दोनदा अडला.

रुसैलच्या कारखान्यात मीही हेच करतो,
व्हॉल्व्हवर दाब चढवत जातो
कुठूनतरी पाणी फुटेपर्यंत.
मग सही.

पान एकतीस. शेऱ्याच्या रकान्यात, बारीक टायपात :
फळ्या बदलणारा इसम आज आला नाही,
चाचणी तहकूब.

पुढचं पान उलटलं. दुसरा दिवस आहे,
नव्या फळ्या आहेत, अकरा भेदल्यात.
इसम नाही.

परवा माझ्या अहवालात सहीखाली मी लिहिलं,
मदतनीस : बिरखबहादूर घर्ती.
साहेबांनी परत पाठवला.
असा रकानाच नाही म्हणाले.