देठ

सोहारच्या इस्पितळात चौथ्या मजल्यावरची काच
रात्री बाहेरून घामेजते.
आत आम्हाला स्वेटर लागतात.

सात नंबरला शौकत होडेकर,
टगबोटीवरचा इंजिन ड्रायव्हर, गाव दाभोळच्या अलीकडे.
बारा दिवस डोळे मिटलेले.
नाव घेऊन हाक मारली, नखावर पेन दाबलं,
छातीच्या हाडावर मूठ चोळली.
घरात कुणी नाही.

तरी नाडी अठ्ठ्याहत्तर.
कूस बदलली की रक्तदाब घसरतो
आणि खालून कुणीतरी सावरून घेतं,
कप्तान निजला तरी इंजिनरूममध्ये
पाळी चालू असावी तसं.

आमच्याकडे आंबा उतरवताना बोटभर देठ राखतात,
नाहीतर चीक ओघळतो, फळ डागतं.
मेंदूचा देठही तेवढाच, फार तर अंगठ्याएवढा.
त्याच्या वर सगळा पसारा:
कलमा, कर्जाचे हप्ते, तीन भाषांतल्या शिव्या,
मुलीच्या चपलेचं माप.
देठाला यातलं कधीच काही ठाऊक नव्हतं.
त्याला कळतं ते इतकंच, की
रक्तात कर्बवायू साठला, भाता ओढ.
हवा हवी म्हणून नाही,
कोंडलेलं बाहेर टाकायचं म्हणून
आपण श्वास घेतो.

हे शिकले तेव्हा एकोणीस वर्षांची होते.
होस्टेलच्या जिन्यात बसून श्वास मोजले
तर ते चुकायलाच लागले.
मग मोजणं सोडलं.

पहाटे चारला कफ ओढायला
नळीतून कॅथेटर आत सरकवला
आणि तो खोकला.
एकदाच. खोलवरून, गंजलेला नांगर उचलावा तसा.
अलार्म वाजला. मारिसेल हातातला चहा सांडत आली.
दोघी उभ्या राहिलो, पुन्हा होईल म्हणून.
झालं नाही.
चार्टवर लिहिलं: खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया, आहे.

तिकडे घड्याळ दीड तास पुढे.
फजरची नमाज झाली की जुलेखाभाभींचा फोन येतो.
"काय बोलले का?"
"नाही. खोकले."

बराच वेळ नुसता त्यांच्या परसातला कोंबडा.
मग म्हणाल्या, "खाकरले असतील.
दारात आले की आधी खाकरतात.
आत बायामाणसं असतात ना, म्हणून."

मला सांगायला हवं होतं, की भाभी,
हा देठाचा खोकला, वरच्या माणसाचा नव्हे.
डॉक्टर बलुशी दहाला येतील,
तेच समजावतील नीट, नकाशा काढून.
वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, व्याकरणासकट.

"असेल," म्हणाले.
आणि आवंढा गिळला.
तोही तिथूनच गिळला जातो.