कलती काच

होमस्टेडच्या बारा चिमण्यांपासून आम्ही निघतो.
खाली आता भट्टी नाही,
पायथ्याशी सिनेमागृह, रिकामं पार्किंग
आणि एक आइस्क्रीमचं दुकान, अजून न उघडलेलं.
"चिमण्या तेवढ्या ठेवल्या," युस्टिना ह्रिंको म्हणते,
"गेलेल्या माणसाचे बूट दाराशी ठेवतात तशा."

वय चौऱ्याहत्तर. उजवा गुडघा नवाकोरा, टायटॅनियमचा.
त्यावर टिचकी मारून सांगते,
या खोऱ्यातलं शेवटचं धातुकाम हेच.
डावा कान तिने गिरणीला दिला,
लग्नाआधी सात वर्षं क्रेन चालवायची तेव्हा.
म्हणून मी तिच्या उजवीकडे चालतो
आणि माझ्याही उजवीकडे मोनोन्गहेला,
शिळ्या कॉफीच्या रंगाची.
नदी वाहतेय की थांबलीय
हे कळायला काहीतरी वाहत यावं लागतं.
आज एक टेनिसचा चेंडू आला.
आम्ही तिघं बराच वेळ बरोबर चाललो,
मग चेंडू पुढे गेला.

"डावीकडून!" सायकलवाला ओरडतो.
तिला ऐकू येत नाही. मी बाही धरून ओढतो.
"कोण होतं?"
"कोणी नाही. घाईत होता."

वाटेवर बदकांची घाण. कॅनडाहून आलेली,
परत जायचं विसरलेली बदकं.
रुळांवरून मालगाडी जाते, जातच राहते,
आम्ही बोलणं थांबवून डबे मोजतो,
एकशे चारनंतर माझा हिशेब चुकतो, तिचा नाही.

शहर एकदम दिसत नाही.
आधी झाडांवर दोन शेंडे,
वळणावर तेही जातात,
मग मैलभर नुसती झुडपं आणि कुंपणाची जाळी,
आणि हॉट मेटल पुलावर चढलो की
समोर सगळे मनोरे एकदम उभे,
वर्गात मास्तर आल्यासारखे.

याच पुलावरून वितळलेलं लोखंड जायचं,
रात्री नदी खालून लाल व्हायची.
गिरणी बंद झाली आणि वासिल ह्रिंको
काचा बसवायला लागला.
तो हिरवट मनोरा, तिसापेक्षा वरचा मजला, डाव्या कोपऱ्याजवळ.
एका चौकटीत वाळूचा खडा राहिला,
काच केसभर कलती बसली.
मुकादमाला बोलला नाही. बायकोला बोलला,
रात्री, दिवा मालवल्यावर,
दुसरी बाई असल्याची कबुली द्यावी तसा.

सकाळी सात चाळीसला, आभाळ स्वच्छ असेल तर,
आमच्या पाठीमागचं ऊन मनोऱ्यावर पडतं,
सगळ्या काचा एकदम पेटतात आणि विझतात.
त्यानंतर, एक श्वास उशिरा, ती.
वासिल गेल्यावर अकरा वर्षं
युस्टिना त्या एका श्वासासाठी पाच मैल चालतेय.

गेल्या वसंतात त्या मनोऱ्याच्या काचा बदलल्या.
मी पेपरात वाचलं.
तिने वाचलं की नाही, मी विचारलेलं नाही.

सात एकोणचाळीस.
कठड्याला टेकून उभे राहतो. कोळशाचा तराफा खालून सरकतो.
मनोरा पेटतो.
विझतो.
एक श्वास. दुसरा.
माझाच तिसरा अडकलेला.

आणि मग कुठेतरी खाली, नदीकाठच्या
विटकरी, नाव नसलेल्या इमारतीत,
एकच काच लखकन चमकते.
"ती बघा!" मी म्हणतो, मोठ्याने, तिच्या चांगल्या कानात.
ती कपाळावर हात धरते.
बघते, नीट, वेळ घेऊन.
"ती आपली नाही," म्हणते.
"ती कुणा दुसरीच्या नवऱ्याची."

बाकावर बसून बूट काढते, उलटा करून झटकते.
काही पडत नाही.
पुन्हा पायात घालते, नाडी दोनदा बांधते.
नद्या मिळतात तिथवर
अजून तीन मैल.
"बदलल्या ना काचा," ती उठता उठता म्हणते,
"मला माहीत आहे. चल."