पिवळी वायर

ड्यूजबरीत, ब्लँकेटच्या जुन्या गिरणीखाली
ओल्डरॉइडचं दुकान. खोकाभर वायरी,
एक ओढली की सगळी भावकी वर येते.
म्हातारा विचारतो, कन्सोल कुठला, साल कुठलं,
टीव्हीच्या पाठीला भोकं कोणकोणती?
मी मोबाइलमधला फोटो पुढे करते.
"एचडीएमआय नाही चालायची, लव्ह. ती नातवंडांना."
नातवंडं नाहीत, हे मी सांगत नाही.

काउंटरवर दोनच ठेवतो.
एक स्कार्ट, एकवीस दातांचा रुंद जबडा,
तीन रंग तीन वाटांनी नेणारा. बारा पौंड.
दुसरी तीन शेपट्यांची, पिवळी, लाल, पांढरी,
हळद, कुंकू, तांदूळ,
आणि चित्र म्हणे सगळं हळदीतूनच जातं,
बाकीच्या दोघी नुसत्या आवाजाच्या. दीड पौंड.

"स्वच्छ हवं, की तेव्हा दिसायचं तसं?"

तीस वर्षं मी हॉस्पिटलात सोनोग्राफी केली.
करड्या धुरळ्यातून पोरांची नाकं
शोधून दाखवली आयांना.
धूसर म्हणजे काय ते मला नको शिकवूस, म्हटलं मनात,
आणि स्कार्ट घेतली.

माळ्यावरून काढलेला कन्सोल. कार्ट्रिजवर पेनाने
शनिवारच्या मराठी शाळेतलं अक्षर: निहार.
'र'चा पाय मोडका.
अ‍ॅबर्डीनपुढे समुद्रात असतो आता, तेलाच्या रिगवर.
आठ वर्षांचा होता तेव्हा ओरडायचा,
आई, ये ना, धबधबा बघ, पाण्यातून पलीकडचं दिसतं!
आणि मी, हात कणकेत,
अर्धा तास झाला. बंद कर.
एकदाही गेले नाही.
चार पावलांवर होती ती खोली.

आज गेले.
धबधबा आला. लख्ख. कडा सुरीने कापल्यासारख्या.
आणि पाणी नव्हतंच.
उभ्या पट्ट्या, एक निळी एक रिकामी,
एक निळी एक रिकामी,
चिकाचा पडदा सोडावा तशा.

फोन लावला. मागे यंत्रांची घरघर,
तोंडात काहीतरी चघळत होता.
"अगं, पिवळी लाव. काढलेल्या पट्ट्याच असतात त्या.
वायर खराब, म्हणून त्यांचं पाणी होतं."
मग थांबून, "तू कशाला खेळतेयस?"
सहज, म्हटलं.

पुन्हा बस, पुन्हा तो चढ.
ओल्डरॉइडने दीड पौंड घेतला, हसला नाही.
बारा मात्र परत दिले नाहीत.

आता वाहतो धबधबा.
लाल रंग शेजारच्या अंगणात ओघळतो,
अक्षरं फेसाळलेली, मी चष्मा पुसते, उपयोग नाही.
आणि पाण्यातून, खरंच रे, पलीकडे एक दार.
मला उडी जमत नाही. दोनदा बुडाले.
शेवटचा जीव उरलाय.
कणीक तासाभरापासून भिजून पडलीय.