सतरा नंबर

सकाळी मार्केट यार्डात मी गुळाचा दर्जा लिहितो.
रव्याला अंगठा दाबायचा, रंग उन्हाकडं धरून बघायचा,
कोपरा मोडून जिभेवर.
एक नंबर, दोन नंबर, खाली काय ते.
सौदा संपेतोवर बोटं चिकट.

रात्री तीच बोटं साबणानं दोनदा धुऊन
तबकडी कडेकडेनं धरतो,
दिव्याखाली तिरकी.
उजेड खोबणींवरून घसरत जातो
आणि जिथं अडखळतो
तेवढंच लिहायचं असतं.

फोटो चार : पुढून, मागून, लेबल, चरा.
चरा आधी टाकायचा, हा माझा नियम.
ह्या धंद्यात ‘गुड’ म्हणजे वाईट.
‘व्हेरी गुड’ म्हणजे खरखर आहे, पण गाणं समजतं.
(यार्डातला हिंदी व्यापारी गुळालाच गुड म्हणतो,
त्याला हे सांगायची सोय नाही.)
‘मिंट’ मी आजवर कुठल्याच तबकडीला लिहिलं नाही.
मिंट म्हणजे जिला कुणी हातच लावला नाही.
गाणं घरात आणून हात न लावणारं घर
कोल्हापुरात मला अजून सापडायचंय.

हे पंचाहत्तर नग कुंभार गल्लीतले.
शिरगुप्पे साउंड सर्व्हिस :
लग्नं, बारशी, उरूस, कुस्त्यांची मैदानं.
भूपाल शिरगुप्पे आता फ्लेक्स छापतो.
म्हणाला, “काय घ्याचं ते घे भावा,
पेटी तेवढी माघारी दे. वडलांची हाय.”
पेटीवर एकोणीसच्या पुराची रेघ,
कव्हरं फुगून एकमेकांना धरून बसलेली,
आणि वास असा, की बायकोनं गॅलरीत काढलं,
आधी पेटीला, मग मला.

त्यातली ही सतरा नंबर. सनई.
लेबलवर पांढऱ्या ऑइल पेंटनं १७,
मधल्या गुळगुळीत पट्टीवर खिळ्यानं कोरलेलं : अक्षता.
सुरुवातीचा करंगळीएवढा पट्टा राखाडी.
सुई ठेवली तर सनई नाहीच,
तापल्या तेलात मोहरी.
मग एक ठिपका, पांढरट,
आणि त्याच्यापुढं एकदम काळीभोर, तुकतुकीत,
गंगावेशीत नुकत्या धुऊन उभ्या केलेल्या म्हशीसारखी.

उशिरा उजेड पडला डोक्यात.
अंतरपाट धरेपर्यंतच वाजायची ही.
भटजींनी माईक ओढला
की थोरले शिरगुप्पे सुई उचलायचे. तिथंच. दरवेळी.
पुढच्या लग्नाला पुन्हा पहिल्यापासून.
किती लग्नं, कोण जाणे.
माझ्या आईवडलांचंही असेल.
मी विचारलं नाही.

ठिपक्याच्या पुढं सुई ठेवली.
सनईवाला थांबतो.
श्वास घेतो, तो ऐकू येतो.
आणि मग असं काही वाजवायला लागतो
की ज्याचा लग्नाशी काही संबंध नाही.
चौदा मिनिटं.
बायको दारात येऊन उभी राहिली,
वासाबद्दल काही बोलली नाही.

नागपूरच्या देवतळ्यांचा मेसेज आलेला :
“ग्रेड काय? एका शब्दात सांगा.”
टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं.
सकाळी सौद्यात दौलू हमालाला विचारलं,
रवा वरनं जळका आन् आतनं सोनं असला
तर काय लिहायचं रे?
त्यानं पाठीवरचं पोतं सरळ केलं.
“मोडल्याबिगर कळतंय व्हय आतलं?
आन् मोडल्यावर रवा ऱ्हातोय व्हय त्यो?”

देवतळ्यांना उत्तर द्यायचं राहिलंय.
पेटी मात्र काल माघारी देऊन आलो,
ब्रशनं घासून, दोन दिवस गच्चीवर वाळवून.
भूपालनं मशीन बंद केलं, झाकण उघडलं,
आत तोंड घालून वास घेतला
आणि म्हणाला,
“धुतलास कशाला?”