खरेदीखतात नसलेलं

खरेदीखतात चतुःसीमा होत्या, बोअर, एक कडुनिंब,
दक्षिणेस गुंडेटींची भिंत.
उरलेलं सगळं मी गवत धरलं.

विळा उचलला तशी भिंतीवरून नरसम्मा,
बोटं विडीच्या तंबाखूनं पिवळी:
"गंगावायली हाय की ती. डाळीत घाला."
म्हणजे घोळ.
आईनं नाव शिकवलं होतं, पान दाखवायचं राहिलं.

आघाड्यानं लुंगीला धरून ओळख दिली,
सराट्यानं टाचेला.
काँग्रेस गवत मीच ओळखलं, शिंकून.

मोरीपाशी एक मात्र तिलाही येईना:
केसाळ देठ, जांभळ्या शिरा,
ऐन मे महिन्यात ताठ.

जुन्या मालकांना फोन लावला.
"ते होय? आम्ही आलो तेव्हा
आम्हीपण विचारत फिरलो."

आज पाचव्या दिवशी नळ आला.
पिंप, हंडे, कळशी,
मग अर्धी बादली
त्याला.