बत्तीस दुणे चौसष्ट

मत्रहच्या धक्क्यावर खसबच्या फेरीची घोषणा
सहा वर्षं एकाच आवाजात होते आहे.
जोखाचा आवाज. आठ वाजता, असं म्हणताना
शेवटी किंचित हसू आल्यासारखा.
आता फेरी नऊला सुटते.
कंपनीचं म्हणणं, एकच तर शब्द बदलायचाय,
दुपारपर्यंत द्या.

जोखा आली, उभ्या उभ्या "तासिआ" म्हणून गेली,
खाली पार्किंगचे पैसे चढत होते.
मी जुनं सेशन उघडलं.
ट्रॅक सगळे आले, आपापल्या रंगांसकट,
फक्त एका चौकटीत करडी पाटी:
प्लग-इन सापडला नाही.

सापडला नाही कसा?
फोल्डरमध्ये बसलाय की ठसठशीत, रोडेलच्या नावाचा.
पण तो बत्तीस बिटचा, आणि हे मशीन चौसष्टचं.
बत्तीस दुणे चौसष्ट, शाळेत घोकलेलं,
वाटायचं, मोठ्याच्या पोटात लहान मावतंच.
इथे मावत नाही.
यजमान फटीतून पाहुण्याचा सदरा बघतो
आणि आत वळून सांगतो, बाहेर कुणी नाही.

यावरून व्हिसाबद्दल काही सुचेल तुम्हाला.
मलाही सुचलं. सोडून दिलं.
अकरा वाजून गेले होते.

रोडेलने तो रुवीत घडवला होता,
गच्चीवरच्या रिकाम्या सिमेंटच्या टाकीत उतरून.
झाकण मी धरलं होतं. त्याने फुगे फोडले,
एक लाल, एक पिवळा, एक उगाच.
टाकी चार सेकंद घुमत राहिली.
त्या चार सेकंदांतून त्याने पुढे
जोखाचं प्रत्येक वाक्य गाळून घेतलं.

आता तो इलोइलोला कोंबड्या पाळतो.
विचारलं, कोड आहे का रे?
उत्तर आलं: डिस्क पुरात गेली. नवा फुगा फोड.

मध्ये दुभाष्या प्रोग्राम बसवून पाहिला,
तो दोनदा उठला, दोनदा आडवा झाला.
जुना लॅपटॉप चार्जिंगच घेईना.
मग गेलो गच्चीवर. सिमेंटची टाकी पाडलेली,
तिच्या जागी पांढरी, प्लास्टिकची,
काठोकाठ भरलेली, हात लावला तर चटका.
शेवटी जिन्यात फोडला फुगा.
वॉचमन मोईदू धापा टाकत वर आला,
माझ्या हातातलं रबराचं चिंधूक बघून
काही न बोलता परत गेला.

जिन्याचा नाद टाकीसारखा नसतो.
ताणलं, कातरलं, थोडा अंधार मिसळला,
अडीचला पाठवून दिलं.

हल्ली सकाळी कॉर्निशवरून चालताना ऐकू येतं:
अख्खं वाक्य टाकीत उभं, सिमेंटच्या गारव्यात,
आणि नऊ तेवढे जिन्यात.
लोक बॅगा उचलतात, कुणी थबकत नाही.
मी मात्र त्या शब्दाच्या जरा आधी
पायरी असल्यासारखा
पाय सांभाळून टाकतो.