सहा भोकं

फ्योक्ला मावशी रोज पहाटे
भिंतीवरच्या वायुभारमापकाला नखानं टिचकी मारायची,
पेंगणाऱ्या कोंबडीला उठवावं तशी.
काटा थरथरायचा, पुन्हा जागेवर यायचा.
"आज जाऊ दे," ती त्या काट्यालाच सांगायची
आणि कांद्याच्या वेण्यांखालून मान वाकवून
झिनोवी काका बाहेर पडायचे.

मार्च संपत आलेला. पेइप्सी तळ्यावरचा बर्फ
वरून ओल्या साखरेसारखा,
खाली अजून हातभर जाड.
काठालगत मात्र करडा, कुजका;
तिथं पाऊल टाकायचं नाही, फळीवरून जायचं.
मी अकरा वर्षांची. माझ्याकडे थर्मास
आणि काड्यापेटीत तांबड्या अळ्या.

काकांनी गिरमिट फिरवलं. एक, दोन, सहा भोकं.
सहाव्यातून पाणी वर आलं
आणि माझ्या बुटापाशी येऊन थांबलं.
"हे तुझं."

पहिला तास उन्हाचा.
पर्च असे लागत होते की गळाला तळ गाठायची उसंत नाही.
अंगावर काळे पट्टे, पंख तांबडे,
मादीचं पोट गाभोळीनं टच्च.
बर्फावर दोनदा उडायचे, मग निपचित.
मी मोजत होते. एकतीस. बत्तीस.

बत्तीसनंतर
काही नाही.

काकांनी दोरा दोन बोटांत धरला,
वैद्यानं नाडी धरावी तसा.
पलीकडे काल्यू, सकाळपासून ज्याची टकळी चालू होती,
तोही गप्प.
ऊन तसंच. वारा पडलेला.
आभाळात एकच ढग, करडाएवढा.

"माशाच्या पोटात हवेची पिशवी असते," काका म्हणाले,
"मावशीच्या भिंतीवर आहे ती तिची नक्कल.
नकलेला टिचकी लागते."
आणि त्यांनी पाय काढता घेतला.
अगदी शब्दशः: आधी एक बूट, चाचपून, मग दुसरा.

काल्यू हसला. "ऊन पडलंय झिनोवी, म्हातारा झालास."
काका उलट बोलले नाहीत.
दोराचं वेटोळं त्याच्या स्टुलाशेजारी ठेवलं,
विसरून राहिल्यासारखं.

वारा फिरला तेव्हा आम्ही अर्ध्या वाटेवर होतो.
पश्चिमेचा. आमच्या किनाऱ्यावरून निघून
बर्फालाच ढकलणारा.
पाठोपाठ चिखलाच्या रंगाचं आभाळ, मग गारठा, मग पाऊस,
मग पावसाचं बोचरं हिम, सगळं एका विडीच्या अवधीत.
भेग पडली त्याचा धडाका वगैरे झाला नाही.
जाड कापड फाडावं तसा आवाज,
लांबून आला, पायाखालून गेला.

फळी पुरली. जेमतेम.
मी पलीकडे, काका पलीकडे, फळी आत ओढलेली,
आणि पाणी रुंदावत चाललेलं.
तेव्हा काल्यू दिसला, धावताना,
हातात तेच वेटोळं.
त्यानं टोक फेकलं. पडलं. पुन्हा फेकलं.

कमरेपर्यंत भिजून तो आमच्या स्वयंपाकघरात बसला,
काकांची विजार घालून, आखूड, घोट्याच्या वर.
आमच्या लोकांत परक्याचा पेला वेगळा,
दाराजवळच्या फळीवर.
मावशीचा हात तिकडे गेला,
तिथं थोडा वेळ राहिला.
मग तिनं काकांचा पेला विसळला आणि चहा ओतला.

खिडकीतून दिसत होतं: बर्फ निघाला होता पूर्वेला,
काल्यूचं स्टूल, काल्यूची टोपली,
आणि आमची सहा भोकं.
तळ्याच्या मधोमध सरहद्द आहे.
भोकांना कुणी कागद विचारले नसावेत.

"तुमचे किती?" काल्यूनं दात वाजवत विचारलं.
"बत्तीस," मी म्हणाले.
"माझे एक्केचाळीस," तो म्हणाला,
आणि कांद्यात परतलेला आमचा तेहतिसावा,
म्हणजे जो मोजायला मी चुकले होते तो,
काट्यासकट खाऊ लागला.